थंडीची भोकं

डबा उघडला तर आत
अक्रोडाएवढा मेंदूचा देठ, शिवाय
हाडाचा एक तुकडा, फडक्यात गुंडाळलेला.
चिठ्ठीवर: रेनडिअर, नर, खच्ची केलेला, वय अकरा.
पाठवणारा इस्साट, कौतोकेइनोच्याही पलीकडून.

मी डॉक्टर नाही. मी कापते.
एकोणीस वर्षं ट्रॉम्सोतल्या या तळघरात
मेणात बसवलेले जीव कापते:
मांजरीचं मूत्रपिंड, सामनचा कल्ला,
एकदा एका आंधळ्या सीलचा डोळा.
पात्याखालून पट्टी सुटते,
कोमट पाण्यावर तरंगते, सुरकुती सोडते.
तेव्हा श्वास जपून घ्यायचा.
शिंक आली तर
अख्खं काळीज उडून टेबलाखाली जातं.

मग रंग. केंद्रकं जांभळा उचलतात,
बाकीचे गुलाबीवर भागवतात.
मेल्यावरही जो तो आपलं
बरोबर ओळखून घेतो,
याची मला अजून सवय झालेली नाही.

इस्साट स्वतःच गाडी हाकत आला होता.
बाहेर बाकावर, टोपी गुडघ्यावर.
रोग निघाला तर कळपच्या कळप गोळ्या घालून संपवतात
हे त्याला ठाऊक होतं, मलाही.
कळपात किती, ते मी विचारलं नाही.
इथे तसं विचारत नाहीत,
कुणाच्या बँकेत किती, हे विचारल्यासारखं होतं ते.
त्याला कॉफी दिली. त्याने ती निवू दिली.

आत तुरिडने काच सरकवली
आणि सरकवायची थांबली.
मेंदूत भोकं होती.
पुष्कळ.
"पुन्हा काप," ती म्हणाली, "जरा खोलवरून."
मी कापलं. भोकं.
अजून खोल. भोकं.
माझ्या हाताला काप सुटला तो पात्याला कळला असावा,
एक पट्टी वाकडी गेली.

तुरिड उठली, दार उघडून विचारलं,
"सापडला तेव्हा बाहेर किती होतं?"
"उणे चौतीस," इस्साट म्हणाला, "रात्रभर पडला होता."

ती परत काचेवर वाकली. बराच वेळ.
मग मला बोलावून दाखवलं:
रोग पोखरतो तो गोल पोखरतो, पेशीच्या पोटात शिरून.
ही भोकं टोकदार, लांबट, सगळी एका दिशेची.
बर्फाच्या सुया उगवल्या होत्या इथे,
आणि गोठणं सुटलं तेव्हा
फक्त त्यांची जागा मागे उरली.

तरी तपकिरी रंगाची परीक्षा केली.
दुसऱ्या दिवशी पाहिलं, तपकिरी कुठेच उगवला नव्हता.
इस्साट त्याच बाकावर. बहुतेक गाडीतच झोपला असावा.

तुरिडने सांगितलं, रोग नाही.
त्याने मान हलवली, टोपी घातली, पुन्हा काढली.
"मग मेला कशाने?"

ते हाडात होतं.
मगजात चरबीचे पांढरे बुडबुडे असायला हवेत,
तिथे नुसती फिकी गुलाबी पेज.
शेवटची शिल्लक शरीर तिथूनच काढतं.
"भुकेने," तुरिड म्हणाली.
तिला हा शब्द सांगायची सवय नसावी, हळू म्हणाली.

डिसेंबरात पाऊस पडला होता, बर्फावर.
तो गोठून तावदान झाला,
दगडफूल खाली, तोंड वर.

इस्साट म्हणाला, "खूर पाहिलेत?
कडा पार झिजल्यात."
खूर आमच्याकडे आलेच नव्हते.
आम्ही मागवले नव्हते.

जाताना त्याने काचपट्टी मागितली, बघायला फक्त.
सूर्य अजून आठवडाभर उगवायचा नव्हता,
म्हणून दिव्याच्या नळीसमोर धरली.
जांभळट डाग, नखाएवढा.
दुसऱ्या हाताने खिशातून वाळका कान काढला,
कडेला तीन खाचा.
"ही खूण मी कापली होती. पाडस होतं तेव्हा.
फार हलला नाही."

काच परत दिली.
मी तिच्यावर नंबर घातला, खणात ठेवली.
पाण्याचं भांडं बंद करायचं राहिलं होतं.
त्यात कालची ती वाकडी पट्टी
अजून तरंगत होती.